एझेल पळाला नाही

लुईझियाना, २८ मे १९४४

ती. ओडेसाताईस,
सा. न. वि. वि.

आईने पाठवलेला पीचचा मुरंबा पोचला, पलटणीने बरणी चाटूनपुसून साफही केली. अकरा जूनला शर्यत आहे. शेजारच्या छावणीला हरवायला कर्नलसाहेबांना मीच हवा. पण मैदानावरची बाकं गोऱ्यांना. छावणीतले जर्मन युद्धकैदीसुद्धा सावलीत बसणार, आणि आपली काळ्यांची पलटण दोरीपलीकडे, संडासांपाशी, उन्हात. मी लेफ्टनंटला म्हटलं, माझ्या माणसांना बसायला जागा द्या, मग पळतो. तो हसून म्हणाला, तुझे पाय हवेत, तोंड नको. आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझा,
एझेल

जॉर्जिया, ३ जून

चि. एझेल यास ओडेसाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. काल शेरिफच्या माणसाने दुकानापाशी गाडी थांबवली. काच खाली करून विचारलं, पळणारा टॉलिव्हर तुझाच भाऊ ना, बरा आहे ना? त्याला तुझं नाव कोणी सांगितलं? रूफसमामा म्हणतात, पाण्यात राहून माशाशी वैर धरू नये. मावशीच्या हंसाला घाबरून झाडावर चढणारा तू, आणि कर्नलला अटी घालतोस? बाळा, जिंकू नकोस हवं तर, पण पळ. ती गाडी आज चर्चसमोर उभी होती.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ताई

लुईझियाना, १२ जून

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र वेळेत मिळालं, तरी नाही पळालो. बार झाला, बाकीचे सुटले, मी रेघेवर उभाच राहिलो. दोरीपलीकडे कुणीतरी टोपी काढली, मग सगळ्यांनीच काढली. आता कोठडीत आहे. गुरुवारी लष्करी कोर्ट. पहारेकरी हळूच म्हणाला, ट्रकने रानातून नेतील, वाटेत उतर म्हणाले तर उतरू नकोस, पळत होता म्हणून गोळी घालतील. ताई, भीती वाटते. हे फक्त तुला.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
एझेल

लुईझियाना, २४ जून

ओडेसाताई यांस,
अ‍ॅल्वा पिकेन्सचा सा. न.

मी एझेलच्या पलटणीतला. तो जिवंत आहे, हे आधी सांगतो. ट्रक रानात थांबवलाच. तो उतरला नाही. मारहाणीत बरगड्या मोडल्या, पण कोर्टात स्वतःच्या पायांवर उभा राहिला. चूक कबूल आहे का, असं विचारल्यावर म्हणाला, आमची माणसं अजून उभीच आहेत, साहेब. पाच वर्षं सक्तमजुरी झाली.

शर्यत उद्या पुन्हा ठेवली आहे. त्याच्या जागी मला पळायचा हुकूम आहे. रानाच्या वाटेवर सकाळपासून ट्रक उभा दिसतो. मी काय करणार, हे पलटणीत कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या आईला लिहायचं धाडस होत नाही. तिचा पत्ता या कागदाच्या मागे दिला आहे. हे पोचल्यावर आठवडाभरात माझं दुसरं पत्र आलं नाही, तर तिला तुम्हीच कळवा.

आम्हा दोघांवर लोभ असू द्या.
अ‍ॅल्वा