भूक गोळीची

प्रिय मारिबेल,

रोडेलच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेपासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. त्या दिवशी शेजारच्या नेनाने व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्यासमोर धरला, तेव्हा मी पुन्हा पान्सितच्या शेवया वाढून घेत होते. तू कुवेतहून ते बघितलंस आणि म्हणालीस, "नानाय, रोडेलला समुद्राने गिळलं, आणि तुम्हाला घास उतरतो तरी कसा?" अंगणातल्या बायकांनी ते ऐकलं. एक हळूच म्हणाली, "सुनेने बरोब्बर विचारलं." मी थाळी खाली ठेवली. पण पोटात अजून भूक होती, आणि तिचीच जास्त लाज वाटली.

तुला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या लेकाचं प्रेत किनाऱ्याला लागल्यापासून मी शीतही तोंडात घेतलं नव्हतं. झोप नव्हती. शेवटी तुझी बहीण लुर्देस मला ओढत दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी मिर्टाझापिन नावाची गोळी दिली, झोपताना घ्यायची. त्या रात्री मी मेल्यासारखी झोपले आणि सकाळी उठून सुकी मासळी न् पातेलंभर भात संपवला.

तुझं ऐकल्यावर गोळ्या संडासात ओतल्या. पुन्हा झोप उडाली, मळमळ, जीव नुसता कासावीस. लुर्देसने परत नेलं, तर बाई चिडल्याच. "अशी एकदम सोडतात का, नानाय? जागं ठेवणारं एक रसायन असतं मेंदूत, ते ही गोळी अडवते. म्हणून झोप आणि भूक आधी येते. मन सावरणारी रसायनं असतात, त्यांचा ब्रेकही ती सैल करते, पण त्याचा गुण यायला आठवडे लागतात. ही भूक गोळीची आहे. तुम्ही कसली लाज बाळगता?"

परत सुरू केली. दुःख जागच्या जागी आहे गं, तसूभरही हललेलं नाही. नुसती उठून चूल पेटवते, एवढंच.

काल लुर्देस रडत आली. तू मालकिणीच्या स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडलीस म्हणे, नुसत्या चहावर आहेस. माझ्याच गोळ्या पाठवणार होते, पण बाईंनी हात धरला, "दुसऱ्याचं औषध नको, तिला तिथल्या डॉक्टरला दाखवू दे." दाखव, मारिबेल. जेवलीस म्हणून तू रोडेलची बायको कमी होत नाहीस. परवा बंदरावर परदेशात वारलेल्या एका पोरीची शवपेटी उतरवली. तिची आई पेटीवरचं नाव पुन्हा पुन्हा वाचत होती. मला ते वाचायला लावू नकोस. तू आपल्या पायांनी चालत ये.

तुझी आईच,
नानाय तेओफिला