स्वल्प उरलं

३ ऑक्टोबर १९९४
कराडहून आले. मल्लेश्वरम झकास आहे, गल्लोगल्ली झाडं, कोपऱ्याकोपऱ्यावर फुलवाल्या. लेकीचे, प्रतिमाचे, दिवस भरत आलेत. पहिलं नातवंड माझ्याच हातात घेणार, हे आल्याआल्या सांगून टाकलं. जावई श्रीकांत प्रयोगशाळेत फिटर आहे. तिथंच मला झाडलोटीला लावलं. रिकामी बसले तर मी त्याचं डोकं खाईन, हे त्याला ठाऊक.

५ ऑक्टोबर
काचेच्या पेटीत बोराएवढी पोलादी गोळी, अधांतरी. लोहचुंबक तिला तोलून धरतं. प्रयोगशाळेतले भीमाचार्य सर सांगतात, प्रत्येक वस्तूत वीज असते, अधिक जितकी उणी तितकीच, फिटंफाट. ती खरंच फिटते का, हे ते नऊ वर्षं बघतायत. म्हटलं, घरी पोरंबाळं नाहीत वाटतं. हसले. म्हणाले, अक्का, स्वल्प जरी उरलं तर कुणी कुणाजवळ राहणार नाही.
आत शिरताना तांब्याची कांब धरायची, म्हणजे अंगातली वीज जमिनीत जाते. रोज तेच. वैताग.

१३ ऑक्टोबर
खंडेनवमी. इथं आयुधपूजा म्हणतात. सरांनी पेटीला बाहेरूनच कुंकू लावायला सांगितलं. बाहेरून कसली पूजा. ते चहाला गेले तेवढ्यात पेटी उघडून गोळीलाच बोट लावलं. घाईत कांब राहिली धरायची.

१५ ऑक्टोबर
मी जवळ गेले की गोळी पलीकडं सरकते. सरांनी मला चारी बाजूंना उभं करून पाहिलं. हसले नाहीत. तासभर कांब धरायला लावली. गोळी तश्शीच.

१७ ऑक्टोबर
मुलगी झाली. घ्यायला वाकले, तर तिचं जावळ ताठ उभं राहिलं — माझ्यापासून लांब. दुपट्यासकट सरकली. घेतलं नाही.

२१
मुठीत तांदूळ राहत नाही. निरांजनाची ज्योत पलीकडं वाकते. सर म्हणाले, उरलेलं जाईल कुठं, जमीनच घेत नाही. ओल्या मातीत माझं पाऊल उमटत नाही —

२८
बारसं. दारातच उभी होते. प्रतिमा म्हणाली, आई, परक्यासारखी काय, तुझ्याच हातानं घाल पाळण्यात. एकच पाऊल टाकलं. पाळणा भिंतीवर —
पोर रडतेय. म्हणजे आहे. विहीणबाईंनी उचललं.
मी बाहेर कट्ट्यावर. बसता येत नाही. वहीवर दगड ठेवलाय, तोही सरक — पेन दोन्ही हातांनी — आत कुर्र झालं, नाव ऐकू आलं, लिहून ठेवते —
शाल्म