दाजींच्या गाडीतली तांबडी वायर

पेलिकन रिज, फ्लोरिडा
जुलैचा तिसरा मंगळवार, दुपारच्या जेवणानंतर

तीर्थस्वरूप लुसिंडाताईस,

धाकट्या थर्मनचा वाकून नमस्कार. (कंबर जेवढी परवानगी देते तेवढाच वाकलो आहे, गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? मार्लिस तुला जिना चढू देत नाही म्हणून तू कुरकुर केली आहेस, पण मुलगी आईच्या भल्याचंच बघते आहे. माझं म्हणशील तर रक्तदाब ठीक, भूक ठीक, डोळे होते तसेच. स्वयंपाक अजून मीच करतो आणि तोच खातो, यावरून तब्येतीचा अंदाज यावा.

तुझं पत्र मिळालं. चार ओळी, त्यात तीन धमक्या. गाडी आणखी एकदा रस्त्यात बंद पडली तर तू ती विकणार, मी मुकाट्याने ओहायोला यायचं आणि मार्लिसच्या तळघरातल्या खोलीत राहायचं. गाडी तुझी, तेव्हा विकायचा हक्कही तुझा. डेल्बर्टदाजी गेल्यावर दोन वर्षांपूर्वी तू इथलं घर आवरलंस आणि ती माझ्या दारात लावून गेलीस, हे मी विसरलेलो नाही. पण यंदा मार्चमध्ये मोटारीचा परवाना मी आपणहून परत केला (दोन टपालपेट्या आणि एक प्लॅस्टिकचा फ्लेमिंगो, याखेरीज माझ्या हातून काहीही झालेलं नव्हतं), तेव्हापासून या विजेच्या गोल्फगाडीवरच माझा सगळा संसार चालतो. दुकान, दवाखाना, चर्च, बुधवारचे पत्ते, सगळं तिच्यातूनच. गोल्फ तेवढा मी कधी खेळलो नाही. गाडी गेली की मी तळघरात गेलो. त्या खोलीला एकच खिडकी आहे आणि तिच्यातून शेजाऱ्याच्या मोटारीचं मागचं चाक दिसतं, हे मी दोन नाताळ स्वतः पाहिलं आहे. तेव्हा निकाल देण्याआधी दोष कोणाचा ते नीट समजून घे, म्हणून सविस्तर लिहितो.

चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी वसाहतीतल्या गाड्यांची मिरवणूक निघते, ते तुला ठाऊकच आहे. यंदा माझा नंबर दुसरा होता, मागे अठ्ठावन्न गाड्या. झालरी लावल्या होत्या, रेडिओवर बँड वाजत होता (रेडिओ उत्तम आहे, तो मी दाजींना पंचाहत्तरीला दिला होता), पंखा फिरत होता, दिवे लागलेले होते आणि टपावरच्या गरुडाचे डोळे लाल पेटले होते. हायवेवरच्या पुलाच्या बरोब्बर मध्यावर गरुडाचे डोळे मंदावले, बँडचा घसा बसल्यासारखं झालं आणि गाडी थांबली. पूल एका गाडीच्या रुंदीचा. पुढे जाता येईना, मागच्यांना मागे सरता येईना. मागच्या गाडीतले श्लेगल, आपले दरवर्षीचे अंकल सॅम, उतरून ढकलायला लागले, तेवढ्यात वारा आला आणि त्यांची चांदण्यांची उंच टोपी खाली जाणाऱ्या मालट्रकवर पडून जॉर्जियाच्या दिशेने निघून गेली. मी पुलावरून उतरेपर्यंत मागच्या लोकांनी राष्ट्रगीत दोनदा म्हणून घेतलं. श्लेगल अजून माझ्याशी बोलत नाहीत. तुला कोणी कळवलं ते मी विचारत नाही, पण श्लेगलबाई तुला पत्रं लिहितात हे मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी समोरची रोझमंड कोवाल्चिक आपली घडीची खुर्ची घेऊन माझ्या गॅरेजच्या दारात येऊन बसली. विमानांच्या कारखान्यात तीस वर्षं वायरिंग केलेली बाई आहे ती. तिने मला गाडीची बैठक उचलायला लावली, खाली वाकून पाहिलं आणि पोट धरून हसली.

"हा उद्योग कुणाचा रे?"

"आमच्या दाजींचा," मी म्हटलं.

"डेल्बर्टचा? काहीतरीच काय! फोरमन होता तो माणूस."

"फोरमनच होते. तरी दाजींचाच."

भानगड अशी होती. बैठकीखाली सहा बॅटऱ्या आहेत, सहा सहा व्होल्टच्या. सगळ्या मिळून छत्तीस व्होल्ट होतात आणि त्यावर गाडी पळते. रेडिओ, दिवे, पंखा, गरुड या मंडळींना लागतात फक्त बारा. म्हणून कोणा शहाण्याने एक तांबडी वायर शेवटच्या दोनच बॅटऱ्यांना जोडून सगळा गोतावळा त्यांच्या गळ्यात बांधला होता. सहा भावांच्या घरात पाहुण्यांचा खर्च दोघांनीच करायचा आणि पंगतीला (म्हणजे रात्रीच्या चार्जिंगला) सहाही जणांना सारखंच वाढायचं, तसं ते होतं. ते दोघे उपाशी राहून खंगतात, चौघांना अपचन होतं, आणि शेवटी घर बसतं. चाळीस वर्षं कारखान्यात वीज सांभाळलेल्या माणसाला एवढं कळू नये? हेच दाजी माझ्या साध्या प्लगलासुद्धा नावं ठेवायचे. आणि दर एप्रिलला, दर ऑक्टोबरला एक अख्खा शनिवार गॅरेजचं दार लावून याच गाडीशी काय करत बसायचे देव जाणे. (खिडक्या पुसायच्या चुकवतात, असं तू म्हणायचीस. तुझं बरोबर असावं.) गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण ताई, तुझ्या नवऱ्याच्या वायरीपायी मी तळघरात जायचं हा न्याय नव्हे.

यावर इलाज म्हणजे व्होल्टेज रिड्यूसर. तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा डबा असतो. सहाही बॅटऱ्यांकडून सारखं घेतो आणि पुढे बाराच व्होल्ट सोडतो. मी तो मागवला. सोबत एक कागद होता, त्यावर पाच सूचना मुंग्यांसाठी छापलेल्या होत्या. रोझमंडने खुर्चीवरूनच फर्मावलं, आधी मुख्य तार सोडव, घड्याळ काढ, अंगठी काढ. घड्याळ काढलं. लग्नाची अंगठी आयरीन गेल्यापासून बोटातून निघालेली नाही, आणि निघत असती तरी मी काढली नसती. मग रोझमंडने तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली. एवढ्या बंदोबस्तात मुख्य तार सोडवायची तेवढी राहिली. पाना हातातून सुटून बॅटऱ्यांच्या दोन टोकांवर आडवा पडला, फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि पान्याला उंदराने कुरतडल्यासारखी खाच पडली. माझ्या दोन्ही भुवया जागेवर आहेत. डावी किंचित आखूड आहे.

पुढचा सगळा दिवस जोडणीत गेला. पन्नास वर्षं मोटारी वापरलेला माणूस मी, दिव्याच्या काळ्या तारा सवयीने गाडीच्या सांगाड्याला आवळल्या, मोटारीत आवळतात तशा. किल्ली फिरवली, एक दिवा लागेल तर शपथ. दोन दिवस मी डबा बनवणाऱ्याला, पोस्टाला आणि अधूनमधून दाजींना शिव्या देत होतो. रोझमंड खुर्चीत बसून आइस्ड टी पीत ऐकत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली,

"बाबा रे, ही मोटार नाही. हिचा सांगाडा नुसता सांगाडाच, त्यातून वीज परत जात नाही. काळ्या तारा डब्यालाच परत आण."

"अगं, मग आधी बोलायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कुठे? तू डेल्बर्टचा उद्धार करत होतास. तो असता तर हसला असता, म्हणून मी त्याच्या वाटचं ऐकून घेत होते."

काळ्या तारा हलवल्या, फ्यूज घातला, किल्ली फिरवली, आणि गरुडाने असे डोळे वटारले की शेजारचा कुत्रा आता रस्त्याच्या पलीकडून जातो. आज आठ दिवस झाले. पूल रोज दोनदा ओलांडतो, रेडिओ, दिवे, पंखा सगळं लावून. गाडी एकदाही थांबलेली नाही. श्लेगलबाईंना विचार, त्या मोजतच असतील. दोष दाजींच्या वायरीचा होता, ती मी काढून केराच्या डब्यात टाकली आहे, आणि प्रकरण मिटलं आहे. तेव्हा गाडी विकू नकोस.

मार्लिसला आशीर्वाद. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
थर्मन

ता. क. पाकीट शोधायला गॅरेजमध्ये गेलो होतो. केराच्या डब्यात ती तांबडी वायर दिसली. तिच्या मधोमध पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, मला ती आजवर दिसली नव्हती. चष्मा लावून वाचली. दाजींचं अक्षर तुला माहीत आहे, छापल्यासारखं. "थर्मनचं काम. कोणीही हात लावू नये. एप्रिल, ऑक्टोबर: बॅटऱ्यांच्या जागा बदलणे."

म्हणजे ते बंद दाराआडचे शनिवार त्या दोन उपाशी भावांची पाळी बदलण्यात जायचे. मग आठवलं. रेडिओ मी नुसता दिला नव्हता, त्यांच्या पंचाहत्तरीच्या दुपारी मीच जोडूनही दिला होता. पुढे दर नाताळला पंखा, दिवे, गरुड, सगळं जोडणीसकट. दाजी टॉर्च धरून शेजारी उभे असायचे. मी विचारलं होतं, बरोबर आहे ना? ते म्हणाले, "आवाज छान येतोय."

वरची सगळी पानं फाडून टाकावीत असं वाटलं. पण पुन्हा लिहिणं माझ्या डोळ्यांना झेपणार नाही, आणि फाडली तर दाजींना काय काय बोललो ते कबूल करायचंही राहून जाईल. मला लाज वाटते आहे, ताई. तुला हे ठाऊक होतं का? असलं तर मला सांगू नकोस.

पुन्हा ता. क. गाडीचं काय करायचं ते तू ठरव, आता मी वाद घालत नाही. वायर मी पुसून पुन्हा होती तिथे बैठकीखाली ठेवली आहे, दोन्ही टोकं बांधून, कशालाही न जोडता. कोणीही हात लावू नये असं लिहिलंच आहे. रोझमंड म्हणते, आता बॅटऱ्यांच्या जागा बदलायची काही गरज नाही. तरी ऑक्टोबरचा पहिला शनिवार मी मोकळा ठेवला आहे. गुडघा साथ देत असेल तर ये. टॉर्च धरायला कोणीतरी लागेल.