बाबांचा तक्ता, रिव्हिजन एफ

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४०
बाबा हॉस्पिटलमधून घरी येऊन आज आठवा दिवस. पक्षाघाताच्या झटक्याने वाचा गेली, उजवा हात जरा सुस्त. बाकी गडी ठणठणीत. समजतं सगळं. अक्षरं मात्र डोळ्यांसमोर हलतात, त्यामुळे लिहून दाखवणं बाद.

काल धाकट्या बहिणीचा फोन. तिचं घर तळमजल्यावर, पुढे अंगण. आपलं तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणाली, बाबांना मी नेते. मी म्हटलं, त्यांना विचार. शेवटी ठरलं: २३ तारखेला ती येईल, बाबांना समोरासमोर विचारायचं आणि ते म्हणतील ते खरं. बाबा इथेच राहणार हे उघड आहे. मोठा मुलगा मी. प्रश्न एवढाच की ते सांगणार कसे.

त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. एकवीस वर्षं इलेक्ट्रिकल ड्रॉइंग काढतोय. अख्खा कारखाना एका कागदावर मांडतो, तोही नुसत्या चिन्हांत. एका म्हाताऱ्या माणसाच्या गरजा म्हणजे किस झाड की पत्ती.

संकल्प: चिन्हांचा तक्ता. रविवारपर्यंत.

५ फेब्रुवारी, बुधवार
चौसष्ट चिन्हं नक्की. आठ ओळी, आठ रकाने. कोत्या मनाने एकाच क्षेत्राला चिकटून बसलो नाही. गोलात फुली: दिवा लावा (आमच्या ड्रॉइंगमधून). त्रिकोण: दुखतंय (रस्त्यावरच्या पाट्यांमधून). तुटक रेघ: फिरायला न्या (नकाशातली पायवाट). संगीताच्या वहीतलं विरामाचं चिन्ह: गप्प बसा. टबात पाण्याची लाट: अंघोळ. आडवं पडलेलं आठ, म्हणजे अनंत: कंटाळा आलाय. बायको गणित शिकवते. म्हणाली, माझ्या वर्गाला हे लगेच पटेल.

नागमोडी रेघ आमच्याकडे विजेला होणारा अडथळा दाखवते. इथे: पोट साफ झालं नाही. हे सुचलं तेव्हा स्वतःचंच कौतुक वाटलं.

मुलगी म्हणाली, मोबाइलमध्ये तीन हजार तयार चेहरे आहेत, ते दाखवा आजोबांना. तिला समजावलं की जोडलेले दोन हात म्हणजे आभार, माफी की प्रार्थना, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. असलं चिन्ह विजेच्या पॅनेलवर लावलं तर माणूस चिकटेल. ती निम्म्यातच उठून गेली. आजची पिढी.

९ फेब्रुवारी, रविवार
तक्ता लागला. ऑफिसच्या प्लॉटरवर काढलेली मोठी शीट, बाबांच्या पलंगासमोर. कोपऱ्यात रीतसर चौकट. काढणार: मी. तपासणार: मी. मंजुरी: रिकामं, बाबा सही करतील.

मग सूची वाचून दाखवली, कुठल्या चिन्हाचा काय अर्थ. चाळीस मिनिटं. तिसऱ्या ओळीला बाबांचा डोळा लागला. मनावरचा ताण गेला की माणसाला झोप येतेच.

बायकोने विचारलं, सूची अक्षरांत आहे ना, मग ती बाबांनी वाचायची कशी. काही लोकांना फक्त खुसपट काढायचं असतं. रोज सकाळी मी वाचून दाखवणार आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ८.३०
यश. बाबांनी डाव्या हाताने त्रिकोणावर बोट ठेवलं. एकदा नाही, तीनदा. म्हणजे दुखतंय. कुठे ते विचारलं तर पुन्हा त्रिकोण. मग क्रमाने तपासलं. गुडघे दाबले, पाठ दाबली. पोट दाबल्यावर त्यांनी माझा हात झटकला. म्हणजे पोट. लगेच नागमोडी रेघेशी त्याचा संबंध जोडला आणि पोट साफ व्हायचं औषध दिलं.

दुपारी २. अर्धी रजा टाकली, डॉक्टरांना बोलावलं. त्यांना काही सापडलं नाही. म्हणाले, पोट उत्तम आहे.
दुपारी ४. आता नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
बायकोने उलगडा केला. बाबांनी छत्तीस वर्षं लाँड्री चालवली. कपड्याच्या लेबलवर त्रिकोण म्हणजे ब्लीच चालेल. त्यांच्या उशीचा अभ्रा पिवळा पडला होता. तिने तो काढून नेला, धुऊन पांढरा करून आणला. बाबांनी त्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

एवढ्यावर थांबेल तर ती कसली. म्हणाली, लेबलवर गोलात फुली म्हणजे ड्रायक्लीन करू नका. सोमवारपासून बाबा ते दाखवत होते आणि मी दर वेळी दिवा लावत होतो. त्यांची लोकरीची शाल ड्रायक्लीनला पाठवली होती ती मीच. आज आली. दहा वर्षांच्या मुलाला बसेल.

चूक माझी नाही. जगात त्रिकोण एक आणि मालक दहा, हा मूळ घोळ आहे. रिव्हिजन ए: त्रिकोण रद्द. दुखण्याला लाल ठिपका.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
हॉस्पिटलने पाठवलेल्या स्पीच थेरपिस्ट बाई आल्या. तक्ता बराच वेळ पाहिला. हा कुणासाठी आहे, असं विचारलं. त्यांच्या धंद्यातल्या माणसाला उत्सुकता वाटणारच, म्हणून मी सूची वाचायला घेतली. त्यांनी हातानेच थांबवलं.

त्यांचं म्हणणं, बाबांचे शब्द गेलेले नाहीत, अडकलेत. प्रश्न विचारायचा आणि आपण गप्प राहायचं. वाकडंतिकडं आलं तरी येऊ द्यायचं. मी म्हटलं, आमच्या घरात मी सर्वांत शांत माणूस आहे. मग त्यांनी बाबांना विचारलं, तुम्हाला आत्ता काय हवंय. बाबांनी तोंड उघडलं. च, च, असं काहीतरी निघालं. मी ताबडतोब चिन्हं दाखवायची छडी पाचव्या ओळीतल्या चादरीवर ठेवली. बाबांनी तोंड मिटलं.

बाई म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर थांबता का. दाराला कान लावून उभा राहिलो, काही ऐकू आलं नाही. गप्प बसायचे पैसे घेतात की काय.

चादर नाही तर चष्मा, चहा किंवा चप्पल असणार. सगळ्यांची चिन्हं वाढवली. रिव्हिजन सी.

१७ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आमचं पंपाच्या पॅनेलचं ड्रॉइंग गिऱ्हाइकाकडे गेलं, त्यात मोटरच्या जागी टब आणि पाण्याची लाट. गिऱ्हाइकाच्या इंजिनीअरने लेखी विचारलंय, ही मोटर कोणत्या प्रकारची. माझ्या हातून एकवीस वर्षांत पहिल्यांदा. मेमो मिळाला.

सगळे माझ्यावरच टपलेत. इकडे साहेब, तिकडे धाकटी, घरात बायको. एक माणूस किती ठिकाणी पुरणार? आणि हे सगळं ज्यांच्यासाठी चाललंय ते दिवसभर खिडकीबाहेर बघत बसतात.

२० फेब्रुवारी, गुरुवार
रिव्हिजन ई. बहात्तर चिन्हं. तीन दिवस बाबांनी तक्त्याकडे पाहिलेलं नाही.

आज माझा तोल गेला. म्हटलं, मी मरमर मरतोय आणि तुम्हाला एक बोट उचलवत नाही. बोललो आणि लगेच वाटलं, हे बोलायला नको होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ हलले. काय म्हणायचंय ते मला कळलंच, म्हणून मीच म्हणालो, कळलं मला, राग आलाय तुम्हाला. आणि स्वयंपाकघरात जाऊन दोन ग्लास पाणी प्यायलो.

बायको भांडी विसळत होती. तिला बाबांचं सगळं कळतं, हे मी पाहिलंय. कप ते कुठे ठेवतात, पांघरूण कसं सारतात, यावरून ओळखते. पण हा नुसता अंदाज झाला. त्याला सूची नाही, तपासणी नाही. उद्या ती आजारी पडली तर?

२२ फेब्रुवारी, शनिवार. सायंकाळी ५
उद्याची जय्यत तयारी. रिव्हिजन एफ. नवी शीट, त्यावर फक्त दोन चौकोन. डावीकडे आपलं घर, त्याखाली अर्थिंगचं चिन्ह, म्हणजे पाय पक्के जमिनीत. उजवीकडे धाकटीचं घर, त्याखाली उघडा स्विच, म्हणजे जोडणी तुटलेली. पक्षपात नको म्हणून दोन्ही घरं सारख्या मापाची काढली. आपलं फक्त हिरवं रंगवलं आणि बाबांच्या डाव्या हाताशी आणलं.

रंगीत तालीम केली. मी प्रश्न विचारला आणि सवय व्हावी म्हणून बाबांचं बोट धरून डाव्या घरावर ठेवलं. पाच वेळा. पाचपैकी पाच. निकाल लागल्यातच जमा आहे. धाकटीला वाईट वाटेल, तिला सांभाळून घ्यावं लागेल.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३
घडलं तसं लिहितो.

धाकटी अकराला आली. पोस्टात काउंटरवर बसते, त्यामुळे आवाज मोठा. आल्या आल्या पलंगावर बाबांच्या शेजारी बसली. मी प्रस्तावना केली, दोन्ही चिन्हांचा अर्थ सांगितला, प्रश्न विचारला. बाबांनी शीटकडे पाहिलं. मी छडी पुढे केली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, शेजारी गादीवर ठेवली आणि डावा हात धाकटीच्या खांद्यावर ठेवला.

मी म्हटलं, ही खूण सूचीत नाही, पुन्हा विचारू. पुन्हा विचारलं. बाबांनी हात काढला नाही. मी म्हटलं, आधार म्हणून ठेवला असेल. बायको म्हणाली, अहो, पुरे. धाकटी रडायला लागली, म्हणजे जिंकूनही तीच रडणार.

मग बाबा स्वतः उठले आणि बाहेर जायचा शर्ट घालायला लागले. गुंडी एक घर चुकली. मी नीट करायला पुढे झालो तर मागे सरकले, स्वतःच सगळ्या सोडल्या आणि पहिल्यापासून लावल्या. पंधरा मिनिटं लागली. तोवर धाकटी नुसती बसून होती.

साडेबाराला गेले. तीन जिने उतरायला वीस मिनिटं. टॅक्सीत बसताना बाबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. तिचा अर्थ काय, हे ठरवता आलेलं नाही.

हवापालट आहे. पंधरा दिवसांत परत येतील.

२ मार्च, रविवार
पलंग रिकामा. तक्ता काढला नाही, परत आल्यावर लागेल. मुलीने विचारलं, तिथे मी अभ्यासाला बसू का. नाही म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

सकाळी सूची वाचायच्या वेळेला तिथेच जाऊन बसलो. सवय.

९ मार्च, रविवार
धाकटीचा फोन. बाबा बोलले. चहा पुढे केला तर नको म्हणाले, स्पष्ट.

कसं जमलं, ते विचारलं. म्हणाली, तिला बाबांचं काहीच कळत नाही. म्हणून ती दर वेळी विचारते, काय, काय म्हणालात, आणि वाट बघत बसते. काउंटरवर दिवसभर हेच तर करते. शेवटी बाबा वैतागले आणि शब्द सुटला.

म्हणजे जिला काही कळत नाही तिच्याशी बोलतात आणि ज्याला सगळं कळतं त्याच्याशी नाही. अर्थात पाया इथेच घातला गेला होता. बी पेरलं की लगेच उगवतं थोडंच. हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला कळलं असतं तर शाल वाचली असती.

१६ मार्च, रविवार. दुपारी १२.३०
फोन मीच लावला. धाकटी म्हणाली, बाबांना तुझ्याशी बोलायचंय, सकाळपासून तोंडातल्या तोंडात सराव चाललाय. फोन त्यांच्या कानाला लावला. आधी नुसता श्वास. मग बाबा म्हणाले, ऐक.

इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज, आणि तोही माझ्यासाठी. म्हटलं, ऐकतोय बाबा. आणि आनंदाच्या भरात बोलत सुटलो. रिव्हिजन जी काढतोय, घडीचा, खिशात मावेल असा. साहेब निवळलेत. शालीचं मनावर घेऊ नका, नवी आणलीय. त्या दिवशी बोटाचं बोललो ते तोंडातून गेलं, रागात, तुम्ही विसरून जा. जिन्यात धरायला कठडा लावून घेतोय, एप्रिलमध्ये या. मध्ये एकदा त्यांनी काहीतरी आवाज केला, तेव्हा हो हो, कळलं, म्हटलं.

श्वास घ्यायला थांबलो तर पलीकडून धाकटी बोलली. बाबा मघाशीच फोन तिच्या हातात देऊन अंगणात गेले होते. फोनवर अकरा मिनिटं दिसत होती.

विचारलं, त्यांना काय सांगायचं होतं. म्हणाली, तिलाही माहीत नाही. सकाळी तिने विचारलं होतं, तर मान हलवली आणि म्हणाले, त्याला.

मी म्हटलं, त्यांना बोलाव, मी काहीही बोलणार नाही, अगदी गप्प बसतो. ती अंगणात जाऊन आली. म्हणाली, राहू दे म्हणतात.

दोन शब्द सलग आजच पहिल्यांदा आले म्हणे. धाकटी फार खूश होती.