चारचौघांत इंजेक्शन

इंदिरानगर, नाशिक
१३ मे २०२५

ती. दादास,
साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. वहिनीने पाठवलेल्या कुरडया पोहोचल्या. फोनवर तू 'बरं, बरं' म्हणून ठेवून देतोस, म्हणून कागदावर लिहिते आहे.

सृष्टीची साखर आता आटोक्यात आहे. पण तुला काय म्हणावं दादा? अकरा वर्षांची पोर. तिचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही, हे मी तुला वहीत चित्र काढून समजावलं होतं. तरी लग्नघरी दोन दिवस एकही इंजेक्शन नाही. का, तर घर पाहुण्यांनी भरलेलं, कोणी बघेल. मांडवात तिला उलट्या झाल्या तर म्हणे ऊन लागलं, आणि वरून लिंबू सरबत पाजलंत, चांगली साखर घालून. वाचताना राग येत असेल. मला लिहिताना येतोय.

शेवटी दवाखान्यात आणलंत, तेव्हा आयसीयूत तिला धड डोळे उघडवत नव्हते. सिस्टर बोटाला टोचून साखर बघायला आली, तर हिने हात पांघरुणात लपवला आणि मला म्हणाली, "आत्या, पडदा लाव ना. कोणी पाहील."

आणि परवा तू विचारतोस, "शाळामा सांगानी काय गरज शे?"

एमडीनंतर तीन वर्षं मी मुंबईत फक्त मुलांच्या हार्मोन्सचं शिकले. सातपूरचे कामगार असोत की पेठहून आलेले आईबाप, रोज सगळ्यांवर ओरडते, लपवू नका, शाळेत बाईंना सांगा. काल एका बापाला तर इतकं झापलं की तो रडायला लागला. घरी आले, जेवण गेलं नाही.

गणपतीत आजार कळला तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात मीच तुला म्हणाले होते, "दादा, गावात बोलू नकोस. मुलीची जात आहे." तुला आठवत असणार. तू एकदाही ते बोलून दाखवलं नाहीस, याचाच जास्त राग येतो. जन्मात माझं एक ऐकलं नाहीस, ऐकलंस ते नेमकं हे.

रविवारी नामपूरला येते आहे. भाऊबंदांना जेवायला बोलाव. सृष्टीची तयारी असली तर ती सगळ्यांसमोर इंजेक्शन घेईल आणि मगच ताटाला हात लावेल. लपवायला कोणी सांगितलं, ते मी पंगतीत सांगेन. त्याआधी मला तिच्या एकटीशी बोलू दे. स्वतःत काही लाजण्यासारखं आहे असं तिला वाटतं, आणि ते तिला तू नाही, मी शिकवलं.

तुझी बहीण,
सृष्टीची चुकलेली डॉक्टर,
तेजू