वजनाएवढा गूळ

आई,

आधी जे झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे पुढचं नीट लागेल.

१. मी जन्मले तेव्हा माझं वजन एक किलो चारशे ग्रॅम होतं. लातूरच्या दवाखान्यात मला काचेच्या पेटीत ठेवलं होतं.
२. तू नवस बोललीस. पोरगी जगली तर तिच्या वजनाएवढा गूळ तुझ्या माहेरच्या महादेवापुढे वाटायचा.
३. मी जगले.
४. मी दहावीत असताना तो नवस फेडायला आपण गेलो. फेडला नाही.
५. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना तू गेलीस.
६. गेल्या दीड वर्षात माझं वजन एकोणनव्वदवरून एकाहत्तरवर आलं.
७. परवा मावशीचा फोन आला. येत्या सोमवारी मला तोलायचं ठरलं आहे.

मावशी अजून तशीच आहे. फोन स्वतः लावते आणि स्वतःच विचारते, "कोण बोलायलंय?" या वेळी म्हणाली, "बारीक झालीस म्हणं. पोरींनी फोटो दाखवला. देवाचा गूळ वाचवायलीस का काय?" मी हसले. मग तिचा आवाज खाली आला. "हे बघ, माझे गुडघे आता देवळाची पायरी चढत न्हाईत. तुझ्या आईच्या तोंडातून निघालेलं हाय ते. मी हाय तोवर उरकून टाकू." दरवर्षी मी तिला एकच उत्तर देत आले आहे, की थोडं वजन उतरू दे, मग येते. या वेळी ते उत्तर देता आलं नाही. वजन उतरलेलं तिने फोटोत पाहिलं होतं.

तू मात्र उलटं म्हणायचीस. मी पाच वर्षांची झाले, सात वर्षांची झाले, आणि आजी विचारायची, कधी फेडणार गं नवस? तू म्हणायचीस, अजून थोडी भरू दे. देवाला चार घास जास्त मिळावेत, एवढाच तुझा हिशोब. लातूरच्या त्या अरुंद स्वयंपाकघरात मी भिंतीला टेकून बसलेली असते, तू तव्यावरून धपाटं थेट माझ्या ताटात टाकतेस, वर लोणी, आणि मी नको म्हणायच्या आत दुसरं. मग कणकेचा हात तसाच पुढे करून माझं मनगट धरतेस. अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना टेकलं, तर मी वाळले. नाही टेकलं, तर ठीक. तुझ्याकडे एवढंच मोजमाप होतं आणि त्यावर तुझा पूर्ण विश्वास होता. पाचवीनंतर तुझी बोटं कधीच टेकली नाहीत. तुला त्याचा आनंद व्हायचा. शाळेत मला काय म्हणतात ते मी तुला सांगितलं नाही, आणि मला वाटतं तुला ते माहीत होतं.

दहावीच्या त्या सुट्टीतला दिवस मला पूर्ण आठवतो. देवळासमोरच्या चिंचेला तराजू टांगलेला आहे. मामाने तो ओळखीच्या आडतीवरून आणला आहे, पोती तोलायचा. एका पारड्यावर सतरंजी टाकली आहे, दुसऱ्याशेजारी गुळाच्या भेली रचल्या आहेत. माझा ड्रेस नवीन आहे आणि काखेत काचतो आहे. मामाचा मोठा मुलगा भेलींकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, आणि म्हणतो, "आत्या, एवढ्यानं काय व्हतंय? आख्खं गुऱ्हाळ आणावं लागंल की."

सगळे हसतात. मामी हसते, पुजारी हसतो, मावशीसुद्धा तोंडाला पदर लावते. मी तराजूची साखळी बघत उभी राहते, एकेक कडी. आणि तू एकदम, पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतेस, "आगं बया, हिला अडचण आली की! आता कसलं तोलायचं? पुढल्या साली बघू."

मला अडचण आलेली नव्हती. पण तेवढं बोलल्यावर कुणी काही विचारत नाही. पुजारी दुसरीकडे बघायला लागला, बायकांनी मला पायरीखाली नेलं, मामाच्या मुलाचं तोंड बंद झालं. गूळ तू न तोलताच वाटून टाकलास. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले. चाकूर सोडल्यावर विचारलं, "देवळात खोटं का बोललीस?"

तू पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढल्यास. "देवाशी माझं मी बघून घेईन. तू शेंगा खा."

तेव्हा मला वाटलं, तुला माझी लाज वाटली. बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

आता मी नांदेडला असते. दवाखान्यांतल्या यंत्रांची देखभाल हे माझं काम आहे. बिघडलेलं दुरुस्त करायचं, आणि न बिघडलेलंही ठरलेल्या वेळी तपासायचं. नवजात बाळांच्या वॉर्डात बाळाचं वजन करायचा काटा असतो. त्यावर मी खात्रीची वजनं ठेवते आणि काटा खरं दाखवतो का ते बघते. तीन-चार महिन्यांपूर्वी असंच काम संपवून सामान भरत होते. सिस्टरने एका बाळाला काट्यावर ठेवलं. त्याची आई किनवटकडची होती, माझ्याहून पुष्कळ लहान.

"किती, सिस्टर?"

"वीस ग्रॅम वाढलं."

"वीस? लई झालं की वो!"

शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली, तिने पलीकडचीला सांगितलं, वीस वाढलं म्हणे. कुणीतरी बिस्किटाचा पुडा फोडला. मलाही एक दिलं. मॅडमनी काटा नीट केला म्हणून वाढलं, असं म्हणून सगळ्या हसल्या. त्याच दिवशी सकाळी माझ्या खोलीतल्या काट्यावर माझे तीनशे ग्रॅम कमी झाले होते. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं म्हटलं तर कुणाला, हे मला सुचलं नव्हतं. बिस्किट मी खाल्लं.

वजन कमी करायला निघालं की लोक सगळं शिकवतात. काय खायचं, किती चालायचं, मन कसं घट्ट ठेवायचं. एकटीने हे करताना घरात किती शांतता असते ते कुणी सांगत नाही. एक वाटी वरण, एक भाकरी, काकडी. ताट पाच मिनिटांत संपतं आणि पुढे संध्याकाळ तशीच उरते. मी स्टेडियमवर चालायला जाते. तिथे बायकांचा एक घोळका असतो. त्यांनी एकदा मला गाठलं. "मॅडम, डाएट करून राहिले का तुम्ही?" मी नाही म्हटलं. "मग शुगर निघाली का?" तेही नाही. "मग लग्न जमलं असन!" त्यांच्याकडे चौथं कारण नव्हतं. ऑफिसात म्हणतात, छान दिसताय. पप्पा फोनवर म्हणतात, काल नळाला पाणी आलं होतं, पाच दिवसांनी. सगळे चांगलंच बोलतात. पण "किती वाळलीस गं" असं रागाने कुणी म्हणत नाही. अठरा किलो उतरले आणि ते वाक्य एकदाही कानावर आलं नाही.

आणि मग दोन महिने काटा एकाहत्तरवर अडला. खाणं तेच, चालणं तेच, आकडाही तोच. मी काटाच तपासला, ऑफिसातली वजनं ठेवून. काटा बरोबर होता. अशा वेळी आत्मविश्वास हा शब्द मला फार चकचकीत वाटतो. मला नुसती भीती वाटत होती. आकडा अडला की वाटायचं हे सगळं फुकट, आणि खाली आला की तुझा शेवटचा उन्हाळा आठवायचा. मी होस्टेलवरून आले होते आणि तुझं मनगट धरलं होतं, तुझ्याच पद्धतीने. माझी बोटं टेकून पार एकमेकांवर गेली. तू हात काढून घेतलास आणि म्हणालीस, "मेसमध्ये काय देतेत जेवायला?" त्यानंतर मी किती वर्षं नुसती खात होते हे मला माहीत आहे. आकडे आहेत.

सोडून द्यायच्या बेतात असताना तुझी एक गोष्ट आठवली. पेटीत असताना माझं वजन कधी वाढायचं, कधी उलटं घटायचं, आणि बाकीच्या आया रडायच्या. मी एकदा विचारलं होतं, तू काय करायचीस? तू पोळी लाटत होतीस. म्हणालीस, "काट्याकडं कोण बघतंय? मी तुझ्या पायाकडं बघायचे. लाथा मारायलीस का न्हाई."

गेल्या आठवड्यात दवाखान्याची लिफ्ट बंद होती. अवजारांची पेटी घेऊन मी तिसरा मजला चढले. वर गेल्यावर लक्षात आलं की मी मध्ये कुठे थांबले नाही. गेल्या वर्षी याच जिन्यावर मी दोनदा थांबायचे आणि कुणी आलं की फोन बघत असल्यासारखं करायचे. काटा अजूनही एकाहत्तरच दाखवतो. मी चालणं सोडलेलं नाही.

तर आता प्रश्न. सोमवारी पारड्यात किती गूळ ठेवायचा? आजच्या वजनाएवढा ठेवला, तर तू जमवलेले अठरा किलो मी देवाला न देता परस्पर उतरवले असं होतं. दहावीतलं वजन धरावं, तर ते कुणालाच माहीत नाही, कारण तू तोलूच दिलं नाहीस. जन्माचं धरावं, तर दीड किलोसुद्धा होत नाही. मावशीला विचारलं तर म्हणाली, "तू ये आधी. बस पारड्यात. इंजिनिअरपणा नंतर कर." मामाचा मुलगाही येणार आहे. त्याचं पोट आता तराजूत मावणार नाही, आणि त्याच्या हसण्याचं मला काही वाटत नाही, हे मी तपासून घेतलं आहे.

मग उशीर कशाचा, असं तू विचारशील. मी मावशीला सांगत आले की लाज वाटते, वजन उतरू दे. पहिली काही वर्षं ते खरं होतं. नंतर नाही. तुझी भांडी मावशीने नेली, साड्या वाटल्या, सगळी वर्षश्राद्धं झाली. हा नवस तेवढा राहिला आहे. तू सुरू केलेलं, माझ्याबद्दलचं, अजून पूर्ण न झालेलं असं दुसरं काही माझ्यापाशी नाही. सोमवारी दोन्ही पारडी समोरासमोर आली की तेही संपेल, आणि मी खाली उतरून गूळ वाटायला लागेन.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, मला ठाऊक आहे. तरी काम ठरलेल्या वेळेत व्हायला हवं. गूळ शनिवारी दुपारी लातूरहून घ्यायचा आहे. किती घ्यायचा ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळव.