उजव्या हाताची नखे

ता. २८ जाने. १९७४, किन्हीराजा
नागपूरहून रेडिओचे गृहस्थ आले. गिटार ऐकली. अंगठ्याने गोंधळ्यांच्या तुणतुण्याचा ठेका व उरलेल्या बोटांनी तांड्यावरील बंजारा बायांची लेंगी, म्हणजे होळीची गाणी, ही माझी रीत. म्हणाले, "आजोबा, आत दुसरं कोण वाजवतंय?" आजोबा हा शब्द रुचला नाही. प्रश्न रुचला. ता. १८ फेब्रु. रोजी ध्वनिमुद्रणाचे यंत्र आणणार. माझे वादन प्रथमच कोणी घेणार. नखांस एरंडेल लाविले. नखाविना तार बोलत नाही.

ता. ३ फेब्रु.
पहाटे थोरले बंधू गेले. दादांचे मजशी शेवटचे बोलणे, "तुयी ते किरिस्तावाची पेटी बंद कर, झोपू दे." बंद केली होती. अधिक लिहवत नाही.

ता. ९
सुतक. गिटार खोळीत. बोटे मांडीवर आपोआप चालतात, लोक पाहतात. दहाव्यास क्षौर, त्यासोबत नखेही काढावयाची, ही आमच्या घरची चाल. मी म्हटले, मिशीसुद्धा घ्या, फक्त उजव्या हाताची नखे... दादांचा बापू उसळला. "काका, बाप गेला माहा, अन् तुमाले नखाची पडली?"

ता. १२
दहावा. निघताना वहिनी दाराआडून म्हणाल्या, "भावजी, बोटं तुमची हायेत. भाऊबी तुमचाच होता."
नदीवर किसन न्हाव्याने डावा हात धरला. तारा दाबावयाच्या म्हणून त्याची नखे मी नेहमीच काढतो. किसन हसला, "या हातानं त सुतक आधीच पाळलं, काका." उजवा हात पंच्याखाली होता. बापू पाहत नव्हता. मीच पुढे केला.

ता. १५
तेरवी झाली. सायंकाळी गिटार काढिली. अंगठ्यातील तुणतुणे मुके. बोटांस पत्र्याची पट्टी बांधून पाहिली. भांडी घासल्यासारखा आवाज. फेकली.
बापू ओसरीवर होता. "बंद काहून केलं, काका?"
थकलो म्हटले. ते खोटे नव्हते.

ता. १७
येऊ नये, अशी तार रेडिओवाल्यांस करावी म्हणून मंगरूळपीरकरिता फाट्यावर उभा राहिलो. बस आली. चढलो नाही.
घरी येतो तो बापू ओसरीवर सतरंजी अंथरीत होता. "पावणे येतीन उद्या," एवढेच म्हणाला. वाजविणार काय, हे विचारले नाही. मीही अजून स्वतःस विचारलेले नाही.